पिन गिळलेला पक्षी

माझी धाकटी बहीण एक्स-रे काढायच्या दुकानात फरशी पुसायची. दुकान मी म्हणते, ती 'सेंटर' म्हणायची. नवरा कामासाठी म्हणून गेला तो गेलाच. मागे दोन मुली, एक खोली आणि हिचा एकटीचा पगार. अशा घरात दोन वेळा पोटभर मिळालं तरी खूप झालं, असं माझं मत. तिचं वेगळं होतं. "पोट काय, भरेल गं अक्का. पण डोकी रिकामी राहिली तर?" असं ती म्हणाली की माझं डोकं फिरायचं.

रंगपेटी आणायची ऐपत नव्हती, म्हणून तिने कचऱ्यात हात घातला. फोटो काढताना माणूस हलला की फिल्म खराब व्हायची आणि भंगारात जायची. त्यातल्या चार-पाच ती विचारून घरी आणायची. काही गरम पाण्यात सोडा टाकून धुवायची, म्हणजे काळं निघून जाऊन निळसर पारदर्शक फिल्म उरायची. काही तशाच ठेवायची. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती. ती कात्रीने त्यांची जनावरं कापायची. रविवारी दुपारी खिडकीला गोधडी लावायची, दोरीवर चादर टांगायची, चादरीमागे बल्ब, की झाला यांचा खेळ सुरू. चादरीवर काळी सावली पडायची आणि तिच्यातली हाडं तेवढी उजळायची. कुणाच्या गुडघ्याचा हत्ती, कुणाच्या मनगटाचं हरीण. बहीण सगळ्यांचे आवाज काढायची. धाकटीला आम्ही शेपूट म्हणायचो, कारण ती ताईला क्षणभर सोडायची नाही. ती पुढे फतकल मारून बसायची आणि टाळ्या पिटायची.

मी स्टुलावर बसून कुरकुर करायचे. "मेलेल्या माणसांची हाडं घरात आणतेस, शोभतं का?"

"मेलेली नाहीत गं, हललेली माणसं आहेत," ती म्हणायची आणि तिघी खिदळायच्या.

थोरलीला पक्षी करायचा होता. पंखांना बरगड्या हव्यात, आणि छातीच्या फिल्म काही खराब निघेनात. महिनाभर तिने आईचं डोकं खाल्लं. शेवटी बहिणीने एक मोठी, स्वच्छ, जराही न हललेली छाती आणून दिली. पोरीने काय कापला होता पक्षी! बरगड्यांचे पंख, खांद्याजवळच्या हाडाची चोच, आणि चोचीमागे वाटाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता, तो नेमका डोळा. गळ्याशी एक सेफ्टी पिनही दिसत होती.

"त्याने पिन गिळलीय," थोरली म्हणाली, "म्हणून त्याला गाता येत नाही." तोच मग खेळ झाला. पक्षी हत्तीकडे जातो, हरणाकडे जातो, पिन कुणालाच काढता येत नाही. माझ्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही, पण त्या दिवशी मी म्हणाले, "डोळा मात्र झकास जमलाय गं. अगदी जिवंत वाटतो."

तीन वर्षांनी बहिणीला खोकला लागला. ती वाळत चालली. मी तिला ओढत मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नवी फिल्म दिव्यासमोर लावली. छातीत वर, खांद्याखाली, लिंबाएवढा डाग होता.

"आधीचा एखादा एक्स-रे आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "डाग जुना आणि एवढाच असेल, तर फार घाबरायचं कारण नाही. वाढत आला असेल तर गोष्ट वेगळी."

"नाही," बहीण म्हणाली.

जिन्यात आल्यावर ती पायरीवर बसली. "आहे," म्हणाली. "पक्ष्यात आहे."

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वीही ती खोकत होती. सेंटरच्या टेक्निशियनने जेवणाच्या सुट्टीत, कागदपत्रांशिवाय, घाईघाईत तिचा एक फोटो काढला होता आणि बजावलं होतं, मोठ्या डॉक्टरांना दाखव. "आठ दिवसांत खोकला थांबला गं अक्का. आणि पोरगी तर नुसती पक्षी, पक्षी करत होती."

दवाखाना नसता तर मी तिच्या थोबाडीत मारली असती. "अक्कल गहाण टाकली होतीस का?" मी ओरडले. लोक बघायला लागले.

"थोरलीला कळू देऊ नकोस," ती एवढंच म्हणाली. "तिने कापलंय ते."

दवाखान्यातल्या एका बाईंना दाखवायचाय, असं सांगून मी थोरलीकडून पक्षी मागून घेतला. तिने तो वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिला. कागदपत्रांशिवाय काढलेल्या त्या फिल्मवर नाव नव्हतंच. मी डॉक्टरांना गळ्याशी असलेली पिन दाखवली. ब्लाउजचं तुटलेलं हूक लावायला माझ्या बहिणीला कधी सवड झाली नाही. ती तिथे पिनच लावायची. डॉक्टरांनी पक्ष्याच्या डोळ्यावर पट्टी ठेवून माप घेतलं.

"तेव्हा काढता आलं असतं," ते म्हणाले, आणि पक्षी परत वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्यानंतर ती सात महिने होती. खेळ बंद करू दिला नाही तिने. आवाज थोरली काढायची, ही खाटेवरून बघायची. पक्षी आला की मात्र भिंतीकडे तोंड करायची. थोरलीच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ती गेल्यावर मुली माझ्याकडे आल्या. एकदा मी धाकटीची वेणी घालत होते, तेव्हा थोरलीने विचारलं, "मावशी, तो पक्षी कुणाचा होता?"

"असेल कुणा म्हाताऱ्याचा."

"म्हाताऱ्याला आईसारखी पिन कशाला लागते?"

मी तेलाची बाटली शोधायला उठले. बाटली समोरच होती. तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं, की पोरी, तू नऊ वर्षांची होतीस, तुझा काय दोष? तुझ्या आईला कळलं नाही. मी तर त्या डोळ्याचं कौतुक करून गेले. पण माझी जीभ उचलली नाही. एरवी ही जीभ कुणाचं ऐकत नाही.

रविवारी शेपटीने खेळासाठी हट्ट धरला. थोरलीने गोधडी लावली, चादर टांगली, बल्ब पेटवला. हत्ती आला, हरीण आलं, मग पक्षी आला. पंख उजळले, गळ्यातली पिन उजळली. डोळ्याच्या जागी काळोख होता. मी वाकून चादरीमागे पाहिलं. थोरलीने डोळ्यावर अंगठा दाबून धरला होता.

"ताई, डोळा!" शेपूट ओरडली. "डोळा राहिला!"

थोरलीने पक्षी हत्तीकडे नेला, हरणाकडे नेला. खेळ संपेपर्यंत तिने अंगठा काढला नाही.