पवनीच्या दुकानातलं अनवाणी गिऱ्हाईक

हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, राग येतोय. आधी तेवढं स्पष्ट करते. या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते ते जेवताना करमणूक म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळावरचा मुंजा... यातल्या कशावरही माझा कधी काडीचा विश्वास नव्हता. मांजर आडवी गेली म्हणून बाबा मोटरसायकल थांबवायचे, तेव्हा मी मागच्या सीटवरून उतरून मुद्दाम चालत पुढे जायचे. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, आणि माझ्या गोष्टीत तर साधं भूतही नाही. चपला आहेत.

मी दुकानांचं इंटिरियर करते. राहते भंडाऱ्यात, माहेर करडीचं, घरी धानाची शेती. नागपुरात कोर्स केला, सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली मेडिकल आणि मोबाईलच्या दुकानांना फॉल्स सीलिंग लावत बसले, कंटाळले आणि स्वतःचं काम सुरू केलं. माझं म्हणणं असं, की जुन्या इमारतीत दुकान काढायचं तर ती सगळी पीओपीखाली गाडून टाकू नये. तिच्या खुणा ठेवाव्यात. जागेला आपली आठवण असते, ती गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. हे भाषण मी जिल्ह्यातल्या पन्नासेक दुकानदारांना तरी दिलं असेल. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे मॅडम, पण एलईडी किती लागतील?"

हो म्हणाले ते फक्त पवनीचे विजयभाऊ.

विजयभाऊंनी वीस-बावीस वर्षं बस स्टँडजवळ हातगाडीवर चपला विकल्या. ऊन लागलं की गाडीची ताडपत्री इकडे ओढायची, पाऊस आला की तिकडे. मुलीचं लग्न उरकलं आणि त्यांनी डोक्यावर छप्पर असलेलं दुकान काढायचं ठरवलं. जागा भाड्याने मिळाली ती बाजाराच्या रस्त्यावरची, कित्येक वर्षं बंद पडलेली राइस मिल. पुढे मशीनघर, मागे धानाची पोती ठेवायचं मोठं कोठार. हातगाडीची जागा सोडल्यावर दोन दिवसांत दुसऱ्या कोणीतरी धरली. म्हणजे परत जायची सोय नव्हती, आणि हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

मी जीव ओतला त्या कामात. भिंतीवरचं पट्ट्याचं मोठं चाक तसंच ठेवलं. सागवानी खांब पोत्यांच्या थप्प्या घासून घासून गुळगुळीत झाले होते, त्यांना फक्त तेल लावलं. कोठाराच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीवर एक काळपट पट्टा होता, हमालांच्या पाठी लागून झालेला. रंगाऱ्याने तीनदा विचारलं, "मॅडम, हे तरी झाकू ना?" मी हात लावू दिला नाही. मशीनघर आणि कोठार यांच्यामध्ये वीतभर उंच दगडी उंबरठा होता. तो मात्र काढावा लागला, म्हातारी माणसं अडखळली असती. तिथे उंबरठा होता एवढं कळावं म्हणून मी जमिनीत पितळेची बारीक पट्टी बसवून घेतली, भंडाऱ्याच्याच एका कारागिराकडून. पुढे काउंटर, छत्र्या आणि पिशव्या. मागे कोठारात चपला-बुटांचे रॅक, बसून घालून बघायला बाक, समोर आरसे. दसऱ्याला उद्घाटन झालं, लोकांनी वा वा केली. मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी विजयभाऊंचा फोन आला.

"ताई, लोकं चपला काढून राहिले."

मी म्हटलं, चपलांचं दुकान आहे, काढणारच, त्याशिवाय नव्या घालून कशा बघतील?

"तेच तं. नव्या घालून नाही पाहून राहिले."

मी गेले आणि पूर्ण दुपार काउंटरमागे स्टुलावर बसून पाहिलं. माणूस बोलत बोलत आत यायचा. पितळी पट्टीपाशी आला की पाय थांबायचे, चपला निघायच्या, नीट जोडीने बाजूला लागायच्या आणि गडी अनवाणी आत. मग सगळं व्यवस्थित. चप्पल हातात घ्यायचा, वाकवून बघायचा, भाव विचारायचा, घासाघीसही करायचा. विजयभाऊंनी वाकून चप्पल पायाशी ठेवली की पाय पुढे यायचा... आणि मागे जायचा. "दिवाळीत येतो." "घरच्याइले घेऊन येतो." घालून न बघता चप्पल कोण घेतं? एका दुपारी मी एकोणीस जोड्या पट्टीपाशी लागलेल्या मोजल्या. नवी एकही कुणाच्या पायात गेली नाही.

विजयभाऊंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. दुकान बंद करताना मला म्हणाले, "गाडीवर माणूस चिखलाचा पाय घालून चप्पल पाहे ताई, मी कधी काही म्हटलं नाही. आता माह्या हातची घालाले लोकं मागं सरून राहिले. माह्यातच काही खोट असन. हातगाडीवाल्यानं शोरूम काढलं, पटत नसन कोणाले."

मी म्हटलं, काहीतरीच काय, ही पट्टी चकाकते म्हणून होतं आहे, मी बघते. आणि खरंच मला तसंच वाटत होतं. आमच्या कामात हे शिकवतातच, जमिनीवर रेघ दिसली की माणूस थबकतो. दुसऱ्या दिवशी पट्टीवर जाडजूड पायपुसणं टाकलं. लोक पायपुसण्यावर थांबून चपला काढू लागले. पायपुसणं काढलं, पट्टी उखडली, खाच भरून फरशीच्या रंगाची केली. माझी मलाच जागा सापडेना. लोकांना बरोबर सापडायची.

मग वाटलं, फरशीला पॉलिश जास्त झालं, देवळात आल्यासारखं वाटत असेल. पॉलिश घासून काढलं. काही नाही. मग वाटलं, एकाचं बघून दुसरा काढतो. म्हणून दुकान उघडायच्या आधी येऊन बसले, पहिल्या गिऱ्हाइकासमोर एकही जोडी नव्हती. त्यानेही काढली. शेवटी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'कृपया चप्पल घालूनच आत यावे.' एका मास्तरांनी ती पाटी मोठ्याने वाचली, "अरे वा" म्हणाले आणि चपला काढून आत गेले. मी डोकं धरून बसले.

त्या आठवड्यात माझी मैत्रीण प्राजक्ता पुण्याहून आली होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. हिच्या पायात घोट्याच्या वरपर्यंत लेस असलेले बूट, काढायला पाच मिनिटं लागतील असे. म्हटलं, चल तुला माझं काम दाखवते. ही आपल्या घरमालकाच्या तक्रारी सांगत आत आली, बरोब्बर त्या जागेवर खाली बसली आणि बोलणं न थांबवता लेस सोडायला लागली. मी तिच्यापुढे उभी राहून बघत होते. विचारलं, बूट का काढतेयस?

तिने हातातल्या बुटाकडे पाहिलं. "अगं, आत आहे ना," म्हणाली.

"काय आहे?"

तिने रॅककडे पाहिलं, आरशांकडे पाहिलं. "काय माहीत. पण आहे ना." आणि दुसरा बूट काढला.

रात्री न राहवून बाबांना फोन केला. एरवी मी असल्या गोष्टी त्यांना सांगत नाही, कारण ते लगेच उत्तर देतात. तेच झालं. "धानाच्या कोठारात जोड्याचं दुकान काढलं तुनं? खळ्यावर चप्पल घालून गेल्ती तं आईनं धपाटा घातला होता, भुलली का?"

भुलले नव्हते. आमच्याकडे खळ्यावर, धानाच्या राशीपाशी कुणी पायात काही घालून जात नाही, हे सांगावंही लागत नाही. पण मी नकाशा काढताना मनातही आणलं नव्हतं. धान पिकवणाऱ्याची मुलगी असून चपलांचे रॅक नेमके कोठारात नेऊन लावले. तरी मी भांडले. म्हटलं, बाबा, ती मिल बंद पडली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, तिथे एक दाणा उरलेला नाही.

"दाणा नसन," बाबा म्हणाले. "जागेले सांगतलं का कोणी तसं?"

मी फोन ठेवून दिला. माझंच भाषण मला करडीच्या बोलीत परत ऐकू आलं होतं आणि त्याचा जास्त संताप आला. शिवाय प्राजक्ताच्या सात पिढ्यांत कुणी धान लावलेलं नाही. तिला कोणती आई धपाटा घालायला आली होती?

विजयभाऊंनी पूजा घातली. नारळ फोडला, धानाची ओंजळ ठेवली, हात जोडले. पूजेला सगळेच अनवाणी, त्यामुळे त्या दिवशी गुण आला की नाही तेही कळेना. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पहिली जोडी त्याच जागी लागली.

दिवाळी तशीच गेली. चपलांच्या दुकानाची दिवाळी तशी गेली म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. विजयभाऊ गिऱ्हाईक आलं तर उठायचे, पण वाकून चप्पल पायाशी ठेवणं त्यांनी बंद केलं होतं, हातात देत होते. एक दिवस म्हणाले, महिना भरला की जागामालकाला चावी देऊन टाकतो. पुढे काय करणार विचारलं तर म्हणाले, पाहू. बस स्टँडजवळ आता उभं राहायला जागा नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, थांबा. मी स्वतः बूट घालून आत जाऊन दाखवते. एक माणूस गेला की बाकीचे जातील. आणि बोलता बोलता लक्षात आलं, उद्घाटनापासून मी इतक्यांदा कोठारात गेले होते, तेव्हा माझ्या पायात काय होतं? आठवेना. या आठवेना-नेच माझं डोकं जास्त फिरलं.

बाजाराचा दिवस, भर दुपारचे दोन. पायात स्पोर्ट्स शूज, लेसना दोन-दोन गाठी, वर टोकं आत खोचलेली. विजयभाऊ काउंटरशी उभे. मी दारातून निघाले, नजर समोरच्या आरशावर. जागा आली, गेली, मी थांबले नाही. ताडताड चालत मागच्या भिंतीपर्यंत गेले, हमालांच्या त्या काळ्या पट्ट्यावर हात टेकला आणि वळून म्हटलं, "बघा!"

विजयभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. खाली बघत होते. माझे बूट त्या जागेवर जोडीने ठेवलेले होते. मोजे घडी करून आत.

मी म्हटलं, हे तुम्ही काढले? आता लिहिताना कळतं की काय मूर्ख प्रश्न होता तो.

"तुम्हीच खाली बसल्या," ते म्हणाले. "गाठी सुटत नव्हत्या तं दातानं सोडल्या. माह्याशी बोलून राहिल्या होत्या, मागचा लाइट पिवळा पाहिजे म्हणून."

मला यातलं काही आठवत नाही. मी चालत गेले, एवढंच आठवतं. पायाखालची फरशी गार लागत होती, ते तेव्हा कळलं. मला वाटलं विजयभाऊ आता चावी घेऊन थेट जागामालकाकडे निघतील. ते खाली बसले, माझ्या बुटांशेजारी, आणि हसायला लागले. हसता हसता उपरण्याने डोळे पुसले.

"मंग माह्यात खोट नाही, ताई," म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "माह्यात नाही."

महिनाभर हा माणूस ते घेऊन झोपत होता, आणि मी पितळी पट्टीच्या मागे लागले होते. मला फार लाज वाटली.

त्याच दुपारी त्यांनी कोठारातला बाक एकट्याने ओढत मशीनघरात आणला. आत बघा, बाहेर बसून घाला. धान कापणीवरून आलेली एक बाई आतून चप्पल निवडून आली, बाकावर बसली. विजयभाऊ वाकले, चप्पल पायाशी धरली आणि तिने मातीच्या पायासकट ती घातली. दोन पावलं चालून पाहिली. एक नंबर मोठी मागितली.

माझे आरसे आता नुसते रॅक दाखवतात. कामाचे फोटो काढले, तर बुटांच्या शोरूममध्ये सगळी माणसं अनवाणी... ते कुणाला दाखवू? नागपूरच्या माझ्या एका सरांनी सांगितलं, सवयीचा परिणाम. मी विचारलं, कुणाच्या सवयीचा? ते म्हणाले, अभ्यास करावा लागेल. मी अजून शोधते आहे, अजून चिडते आहे, आणि अजून मला काहीही कळलेलं नाही. विजयभाऊंपुढे विषय काढला तर ते म्हणतात, "तुम्ही शोधा ताई, मले गिऱ्हाईक हाये." आणि असतंच.