फूटपट्टीनं मोजलेला प्रोग्रॅम

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी साताऱ्यातली कारकुनी सोडून सांगलीला एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात लागलो. वय चाळीस. नेमणूक सहा महिन्यांसाठी, उमेदवारीवर. उमेदवार दोघे आणि कायम जागा एक. दुसरा उमेदवार कोरेगावचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. साताऱ्याची जागा भरली गेली होती आणि मुलांची नावं सांगलीच्या शाळेत घातली होती. म्हणजे मला परतीची वाट नव्हती.

आमचे साहेब पूर्वी फौजेत भांडारावर होते. प्रोग्रॅम तेव्हा जाड कार्डांवर भोकं पाडून लिहीत. एका ओळीला एक कार्ड. साहेब दर शनिवारी दोघांचे गठ्ठे टेबलावर आडवे ठेवून फूटपट्टी लावत. जितके इंच, तितकं काम. एका इंचात साधारण एकशे चाळीस कार्डं बसतात, हे मी पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं.

गावोगावच्या उसाच्या वजनांची बेरीज करण्याचं काम आम्हा दोघांना वेगवेगळं दिलं होतं. माझा गठ्ठा नऊ इंचांवर गेला. मग लक्षात आलं, तेच ते पुन्हा लिहिलंय. आठवडाभर बसून मी तो पाच इंचांवर आणला.

साहेबांनी पट्टी दोनदा लावली. "आवं, मागल्या शनवारी नऊ होतं. चार इंच गेलं कुठं?"

"साहेब, तेच काम कमी कार्डांत होतंय."

"म्हंजी भिंत पाडून मजुरी मागताय."

कोरेगावकर हसला. "दादा, तुमी खोडत ऱ्हावा, मी लिवत ऱ्हातो."

आमच्या शेजारी एक निवृत्त वजनमापे निरीक्षक राहत. त्यांची सगळी नोकरी हळदीच्या पेठेत तराजू तपासण्यात गेली होती. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "दमट जागी ठेवली की हळदसुद्धा वजन धरते. तुमची कार्डं कागदाचीच ना? आणि मोजणारा बदलला तर माप बदलतं का, ते पाहिलंत?"

पुढच्या शनिवारी मी विनंती केली आणि माझा एकच गठ्ठा तिघांनी मोजला. साहेबांनी अंगठ्यानं दाबून धरला : बरोबर पाच. कोरेगावकर : पाचला थोडा जास्त. शिपायानं हलक्या हातानं : सव्वापाच. मग कोरेगावकराचा गठ्ठा. गुरुवारी त्यानं स्वतः मोजला तेव्हा तो दहा इंच होता. दोन दिवस व्हरांड्यात पाण्याच्या माठाला टेकून होता. आता सव्वादहा भरला.

साहेब म्हणाले, "हा काल जत्रंला गेलता. मग ह्यो पाव इंच कुणी लिवला? माठानं?"

फूटपट्टी ड्रॉवरमध्ये गेली. "मग मोजायचं काय, ते तुमीच सांगा."

मी सांगितलं, शंभर वजनचिठ्ठ्या घ्यायच्या, त्यांची गाववार बेरीज आधी हातानं करून ठेवायची. दोन्ही प्रोग्रॅमची उत्तरं तिच्याशी ताडायची. ज्याच्या चुका कमी, तो कायम. साहेबांना पटलं. बेरीज मी केली. हिशेबात वीस वर्षं काढलेला माणूस; कुणाकडून तपासून घ्यायची गरज वाटली नाही.

दोघांचीही तीन गावं चुकली. साहेब म्हणाले, "दोगंबी घरी जावा."

शेजाऱ्यांनी संध्याकाळी दोन्ही प्रोग्रॅमच्या उत्तरांचे छापील कागद पाहिले. "तराजू वेगळे आणि चूक तीच? मग तराजू बघू नका, वजन तपासा."

मी पुन्हा बेरीज केली. तिन्ही गावांत हातचा माझाच राहिला होता.

सोमवारी साहेबांना सांगितलं तेव्हा माझे कान तापले होते. कोरेगावकर म्हणाला, "दादा, यंत्रानं तुमाला तपासलं की!"

आता दोघांच्याही चुका शून्य. साहेबांनी ड्रॉवर उघडून पुन्हा फूटपट्टी काढली.

"भांडारात आमचा एक नेम हाय. काम तेच हुत आसंल, तर कमी माल वापरंल त्यो शाना. दुपारी मोजतो. लहान गठ्ठा कायम."

कोरेगावकर तसाच उठला. यंत्राच्या गार, कोरड्या खोलीत त्यानं आपला गठ्ठा दोन जाड रजिस्टरांखाली घातला आणि वर स्वतः बसला. दुपारी तो पावणेदहा भरला. माझा पाच.

मी पावणेपाच इंचांनी कायम झालो. दोन्ही गठ्ठ्यांना अंगठा मात्र साहेबांचाच लागला पाहिजे, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं.