कोरडा ब्रश

गल्लीत सगळे त्याला परेड म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? फौज सोडून वर्षं लोटली, गोदामाच्या फाटकावर गार्डची नोकरी लागली, पण हा गडी अजून घरातसुद्धा बूट वाजवत चालायचा. रोज सकाळी बेसिनपाशी तपासणी. बायकोचा नि मुलीचा ब्रश फळीवर एका रेषेत हवा, केस सरळ हवेत, दांडा लख्ख हवा. जरा तिरका किंवा ओलागिच्च दिसला की ब्रश भिंतीवर आणि मुलीच्या पाठीत रट्टा! वर पुन्हा उपदेश, की दात नीट ठेवणारा माणूसच शिस्तीचा. खुद्द याच्या डाव्या जबड्यात तीन दात नव्हते, पण ते बोलायचं कुणी?

ते दात गेले फौजेत शिकाऊ असताना. बराकीत दर सकाळी खाटेवर सामान मांडून ठेवायचं: घडी घातलेली चादर, मग, वस्तरा, ब्रश. कवायत शिकवणारा उस्ताद छडी घेऊन यायचा. ब्रश ओला सापडला, की आधी पोटात लाथ, मग मैदानभर बेडूकउड्या. म्हणून पोरं तो ब्रश नुसता मांडायची, त्याला पाण्याचा थेंब लावायची नाहीत. याने दुसरा ब्रश बुटात लपवला, तर उस्तादाने तो शोधून मोडला आणि मोडकी दांडी याच्याच मानेवर ओढली. तेव्हापासून हा बोटाने दात घासू लागला. कसले घासतोय! चोळायचा नि चूळ भरायचा.

दाढ किडली, जबडा ठणकायला लागला. पण आजारी पडलेल्याला मागच्या तुकडीत ढकलत, सगळं पुन्हा पहिल्यापासून. हा रात्री टॉवेल चावून पडायचा, पण तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी बॉक्सिंगच्या दिवशी समोरच्याचा ठोसा नेमका तिथेच बसला. रक्त, पू आणि दोन दात चटईवर. तिसरा दवाखान्यात काढला. उस्ताद दात काढून हसला आणि म्हणाला, "बघा रे, हूं की चूं केलं नाही पठ्ठ्याने!" मेल्याला त्या शाबासकीचाच अभिमान! घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हीच गोष्ट ऐकवायचा, आणि मुलगी दाराआडून ऐकायची.

मुलगी दहा वर्षांची. त्या रविवारी ती केस गालावर ओढून जेवायला बसली. घास तोंडाशी न्यायची नि खाली ठेवायची.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"मग तोंड का वाकडं? अन्नाला नाकं मुरडतेस?"

आणि सणसणीत मुस्काटात दिली. पोरगी खुर्चीसकट आडवी झाली. ओठातून रक्त आलं आणि मागोमाग पिवळा पू फ्रॉकवर सांडला. बायको किंचाळली, "अहो, मारून टाका एकदाचं तिला!" मुलगी मात्र गप्प. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण आवाज म्हणून नाही. ते गप्प राहणं त्याच्या ओळखीचं होतं.

तो पाणी आणायला बेसिनकडे धावला. फळीवरचा तिचा ब्रश हाताला लागला. केस ताठ, कडक, दुकानातून आणला तस्से. नुकतीच तर सकाळची तपासणी झाली होती.

"तू दात कशाने घासतेस गं?"

जमिनीवर बसल्या बसल्या तिने बोट वर केलं.

त्याने ब्रश मोडला. तेवढ्याने भागेना, म्हणून भिंतीवर मूठ हाणली, पुन्हा हाणली, बोटांची सालटी निघेपर्यंत. बायको म्हणाली, "पुरे झाली नाटकं, उचला तिला." तेव्हा कुठे तो भानावर आला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुजलेला गाल पाहिला, त्यावर उमटलेली बोटं पाहिली, मग त्याच्या फुटलेल्या मुठीकडे पाहिलं. त्याला वाटलं, या बाईने आपल्या थोबाडीत मारावी. त्या नुसत्या म्हणाल्या, "पक्की दाढ आहे, पुन्हा येणार नाही. काढावी लागेल." मग मुलीला म्हणाल्या, "इंजेक्शन दिलंय, तरी पू आहे तिथे दुखेल. दुखलं की हात वर कर हं."

मुलीने त्याच्याकडे बघितलं. "करू का, बाबा?"

"कर गं बाई. ओरड. मला शिव्या दे."

दाढ निघेपर्यंत तिने हात वर केला नाही.

पुढे गालाची सूज उतरली. तो दोन नवे ब्रश घेऊन आला, एक तिला, एक स्वतःला. तिला शेजारी उभी करून त्याने खसाखसा दात घासले, फेस शर्टावर सांडला, आरशावर पाणी उडवलं. मग निथळता ब्रश मुद्दाम फळीवर आडवातिडवा टाकला आणि तिच्याकडे बघून हसला.

मुलीने पटकन फ्रॉकच्या टोकाने त्याचा ब्रश पुसला आणि रेषेत लावून ठेवला.