‘आपण’ म्हणजे किती जण?

"बारा मिनिटं रग्गड झाली, आत्या!"

"माणसं आहोत की पार्सलं? गाडीतून उतरायचं, बॅगा ओढायच्या, जिना चढायचा, जिना उतरायचा, सहावा फलाट शोधायचा. त्यात सरहद्दीवरचं स्टेशन. पाट्या दोन भाषांत, आणि दोन्ही आपल्या बापजन्मात वाचलेल्या नाहीत."

"धावत सुटायचं! त्यात काय एवढं?"

"आणि आधीची गाडीच उशिरा आली तर?"

"तिकडच्या गाड्या वेळेवर येतात."

"तसं गाड्यांनी तुला कळवलंय वाटतं."

स्वयंपाकघरात भांडी घासणारा जावई फिस्सकन हसला. भाचीने तिकडे डोळे वटारले, पण मध्ये भिंत होती, त्यामुळे ते वाया गेले.

टेबलावर नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर टीव्हीचा रिमोट, तिसऱ्यावर आत्याच्या चष्म्याचं घर, आणि चौथ्यावर खुद्द मांजर. पाच देश गाडीने पालथे घालायचे, विमानाला हात लावायचा नाही, असा बेत होता. गेले कित्येक रविवार दोघी या टेबलाशी बसून रूळ जुळवत होत्या. चार देश सुरळीत पार पडले होते. घोडं पेंड खात होतं ते या एका जंक्शनवर.

"ऐक माझं," आत्या म्हणाली. "त्या गावात एक रात्र राहू. सकाळी निवांत निघू."

"मग पुढची झोपायची गाडी हुकते! पुढचं सगळं एक दिवस सरकतं. त्यापेक्षा बारा मिनिटं धावलेलं काय वाईट?"

"तू धावशील गं. माझ्या गुडघ्यांनी कसं धावायचं?"

"तुझ्या गुडघ्यांचा इथे काय संबंध?"

"म्हणजे? ते घरी ठेवून येऊ?"

भाचीने पेन्सिल खाली ठेवली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"आत्या," भाची हळू आवाजात म्हणाली, "तुला वाटलं… तूपण येतेयस?"

आत्याने आधी नकाशाकडे पाहिलं, मग मांजराकडे, मग भाचीकडे. "वाटलं म्हणजे? तूच म्हणालीस. ह्याच खुर्चीत बसून. ‘आत्या, यंदा विमान नको, यंदा आपण गाडीने जायचं.’"

"अगं, आपण म्हणजे… असं बोलतोच ना आपण!"

"आता हे ‘आपण’ कुठलं? ह्यात मी आहे की नाही?"

जावई ओल्या हातांनीच बाहेर आला. तसा तो सालस माणूस. भांडण दिसलं की त्याला आधी टॉवेल शोधावासा वाटे. "आत्या, काहीतरी गैरसमज झालाय. आपण शांतपणे बसून…"

"जावईबापू, तुम्ही तरी तो शब्द नका वापरू."

तिने चष्म्याचं घर उचललं. नकाशाचा तो कोपरा सुर्रकन गुंडाळला जाऊन दोन देश झाकले गेले. "बराय, निघते," म्हणाली आणि निघाली. मागून भाचीचं "आत्या, थांब ना गं" जिन्यापर्यंत आलं. जिना काही उतरलं नाही.

आता आत्या काही भोळीसांब नव्हती. पण आपल्या भाषेची गंमतच अशी, की ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा माणूस दाराबाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की घरात. तिला सरळ घरात घेतलं होतं, ती बिचारी आत येऊन बसली. शिवाय तिचा हिशेबही चुकीचा नव्हता. विमानात तिच्या कानांना असे दडे बसत, की उतरल्यावर दोन दिवस समोरच्याचे नुसते ओठ हललेले दिसत. एकदाच बसली होती, तेव्हापासून कानाला खडा. हे भाचीला ठाऊक होतं. मग भाची म्हणते, यंदा विमान नको. आत्या मनात म्हणते, पोरीने माझ्या कानांचा विचार केला! प्रत्यक्षात विचार जावयाचा होता. त्याला लहानपणापासून आगगाड्यांचं वेड.

भाची कॉलेजची तीन वर्षं आत्याकडेच राहिली होती. आत्याच्या दोन खोल्यांतली मोठी खोली भाचीची, आत्याचं अंथरूण शिवणयंत्राजवळ. भावाने म्हटलं होतं, "तुझ्यावर भार नको." आत्या म्हणाली होती, "भार कसला, मला बोलायला माणूस होईल." आणि खरंच, त्या तीन वर्षांत दोघी इतकं बोलल्या, इतकं भांडल्या, की खालच्या मजल्यावरची बाई पोरगी गेल्यावर वर चौकशीला आली होती, सगळं ठीक आहे ना, आवाज येत नाही म्हणून. लग्नानंतर भाची दर सुट्टीला नवऱ्याबरोबर कुठे कुठे जाई, आणि घराची किल्ली आत्याकडे येई. झाडांना पाणी, मांजराला खाणं. ते मांजर जगात फक्त आत्याला चावे. आत्या म्हणायची, "घरचं समजतं ना मला."

सोमवारी ती नेहमीप्रमाणे दुकानात गेली. चष्म्याचं दुकान. आत डोळे तपासायचे डॉक्टर, गल्ल्यावर मालक, आणि खिडकीशी छोट्या टेबलामागे आत्या. तयार चष्मा माणसाच्या तोंडावर नीट बसवायचा, एवढंच तिचं काम. डोळ्यांचं डॉक्टरांनी बघावं. नाक आणि कान हे आत्याचं खातं. कुणाचं नाक सपाट, कुणाचं पोपटासारखं, कुणाचा एक कान वर तर एक खाली, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा आत्याकडूनच कळायचं. ती काडी गरम हवेवर धरायची, अंगठ्याने कानामागे वळवायची, पुन्हा चढवायची, मान हलवा म्हणायची.

"काय, झाली का तयारी?" मालकांनी गल्ल्यावरूनच आरोळी दिली. "तीन आठवडे तुमच्यावाचून कसे काढायचे, बाई? परवा मी एकाची काडीच मोडली."

रजा तिने महिन्यापूर्वीच मागून घेतली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सलग इतकी रजा पहिल्यांदाच. सगळ्या दुकानाला सांगून झालं होतं. डॉक्टरांनी तर प्रवासात उशीला म्हणून मानेभोवतीचं फुगवायचं वळं आणून दिलं होतं. आता ह्यांना काय सांगायचं? व्याकरणात घोटाळा झाला म्हणून?

"चाललीये तयारी," ती म्हणाली आणि समोरच्या आजोबांच्या नाकावर चष्मा चढवला. "टोचतंय का कुठे?"

"छे छे, झकास."

"तोंड तर वाकडं झालंय तुमचं."

"ते जन्मजात आहे," आजोबा म्हणाले. तिने चष्मा काढून घेतला आणि उजवी काडी पुन्हा वळवली.

गुरुवारी दुपारी भाची दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मालक डबा खायला आतल्या खोलीत गेले होते. भाची टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली आणि नाकावरून घसरलेला चष्मा तिने बोटाने वर ढकलला. तो पुन्हा खाली आला.

"दे इकडे," आत्या म्हणाली.

भाचीने चष्मा काढून दिला. बिनचष्म्याची ती थेट कॉलेजातली दिसू लागली. डोळे बारीक करून, समोरचं काही न दिसणारी.

"रागावलीस?"

"नाही. स्क्रू ढिले झालेत तुझे."

"आत्या!"

"चष्म्याचे म्हणतेय."

भाची हसली नाही. "हा म्हणाला, केबिन तिघांची मिळते. तू ये. आणि त्या जंक्शनला आपण रात्रभर राहू… म्हणजे आम्ही… म्हणजे तिघं."

"तो म्हणाला?"

"आम्ही दोघं म्हणालो."

आत्या स्क्रू पिळत राहिली. भाची टेबलाची कड चाचपत पुढे म्हणाली, "अर्थात तुला दगदग वाटत असेल तर राहू दे. जबरदस्ती नाही. मग नेहमीसारखं घराकडे बघ. मांजराला तुझी सवय आहे."

"चावायची."

"तू चेष्टेवर नेऊ नकोस ना."

"बरं, नाही नेत." आत्याने काडी गरम हवेवर धरली. "दिवसभर मी लोकांना एकच प्रश्न विचारते. टोचतंय का? सगळे म्हणतात, छे छे, झकास. भिडस्त असतात. आणि तिसऱ्या दिवशी कानामागे फोड घेऊन येतात, मलाच बोल लावतात. गाडीत तीन आठवडे म्हणजे बाई, एका डब्यात झोपायचं, माझं घोरणं ऐकायचं, माझ्या गुडघ्यांच्या चालीने चालायचं. तिथून मला परत दुकानात आणून देता येणार नाही."

"असं काय बोलतेस?"

"सरळ बोलतेय. मला यायचंय. फार यायचंय. रविवारी तुमच्या जिन्यावर कळलं, किती ते. पण दया म्हणून नको. तर आजच सांग. मी बरोबर आले तर टोचेल का तुला?"

भाचीने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"टोचेल म्हणालीस तर मी रडणार नाही. रजा मिळालीय, रस्ता पाठ आहे. माझी मी जाईन, बारा मिनिटांऐवजी रात्रभर थांबून. फक्त मांजराचं तुमचं तुम्ही बघा. नाही टोचणार म्हणालीस तर उद्याच तिसरं तिकीट काढ. पण ‘ह्याने म्हटलं’ नको. तू सांग."

चष्मा तयार झाला होता. आत्याने उठून तो स्वतःच्या हाताने भाचीच्या डोळ्यांवर चढवला, दोन्ही काड्या कानांमागे नीट बसवल्या आणि मागे सरकून उभी राहिली. आता भाचीला सगळं स्वच्छ दिसत होतं, आत्याचा चेहरासुद्धा. आतून मालकांनी डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"काय गं?" आत्या म्हणाली. "हो की नाही?"

भाची उठली. तिने पर्स खांद्याला अडकवली, खुर्ची पुन्हा टेबलाखाली सरकवली, आणि दार उघडून रस्त्यावर निघून गेली. आत्याने खणातून कागद काढला आणि एका तिकिटाचा हिशेब मांडायला घेतला.