सुलाबाईंची कवळी

माझ्या सासूबाई, सुलाबाई. वय त्र्याहत्तर. मूळच्या इगतपुरीकडच्या, पण चाळीस वर्षं झाली इंदिरानगरात. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेणी चढायची, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी मात्र अर्ध्या पायऱ्यांवर पाय लटपटले आणि त्यांना धरून खाली आणावं लागलं.

डॉक्टरांनी तपासलं. वजन एकोणचाळीस किलो, रक्त कमी. "खाता काय?" त्यांनी विचारलं. चहात बुडवून खारी, मऊ भात, वरणाचं पाणी. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं, असंच मी धरून चालले होते. शिजवणारी मीच ना! लाज वाटली मला.

चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात. आमच्याकडे दोन्ही होतं, फक्त दात डबीत होते. पुतणीच्या लग्नासाठी केलेली कवळी ही बाई बाहेर जाताना लावायची आणि जेवायला बसताना काढून ठेवायची. का, तर झिजेल म्हणून. वर मलाच ऐकवायच्या, "भारीतलं लुगडं नेसून कोणी भांडी घासतं का गं?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं: जेवतानाच लावायची, घास बारीक घ्यायचा, दोन्ही बाजूंनी चावायचं. "मंग पायऱ्या चढंन ना मी?" एवढंच सासूबाईंनी विचारलं.

त्याच दिवसापासून सुरू. आधी अंडं, मग गाळ शिजवलेली मटकी, मग भाकरीचा पापुद्रा. कवळी टकटक वाजायची. माझा नवरा राकेश हसला, तर म्हणाल्या, "तुझे पडतील तवा बघू." हिरडी सोलली. मी म्हटलं, राहू द्या आता. नाय म्हणजे नाय. रिक्षाने गेल्या, कवळी घासून नीट करून आणली आणि पुन्हा ताटावर बसल्या. अशा पाच चकरा झाल्या. एका भाकरीला पाऊण तास लागायचा, मी खरकटं आवरायला ताटकळायचे आणि मनातल्या मनात चिडायचे.

हिवाळ्यात मटणाचा तुकडा चावला. वजन चव्वेचाळीसवर आलं.

यंदा सकाळीच आम्ही दोघी निघालो. गेल्या वर्षी जिथून परतलो, बरोबर त्याच पायरीवर त्या थांबल्या.

"बसायचं का, आई?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी घामाघूम, धापा टाकत होते.

"दमलीस तू, पिंकी. बस हितंच. येताना घेते तुला."

आणि खरंच चढत गेल्या, मागं न बघता.