हिरवा दोरा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे मी कुणालाही छातीठोक सांगते. आज घनसावंगीजवळ अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रजननाचा धडा आला की बरेच शिक्षक "घरी वाचून घ्या" म्हणून पुढे जातात. मी जात नाही. फळ्यावर फूल काढते आणि सांगते : कपाशीच्या साध्या पेशीत बावन्न गुणसूत्रं. झाड वाढताना एका पेशीच्या दोन होतात, दोन्हींत बावन्नच. पण परागकण आणि अंडपेशी तयार होताना विभाजन निराळं असतं, गुणसूत्रं निम्म्यावर येतात, सव्वीस. परागकण कुक्षीवर पडतो, त्याची नळी आत बीजांडापर्यंत उतरते, सव्वीसला सव्वीस मिळतात आणि पुन्हा बावन्न. तीच सरकी.

"एका सरकीला किती परागकण लागतात?"

"एकच, मॅडम."

इथं मी दरवर्षी फळ्याकडे वळते. मुलांना वाटतं फूल पुसायला.

माझी आई बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. संकरित बी हवं तर मादी झाडाच्या फुलातले पुंकेसर आधी काढून टाकायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावायचा. दुपारनंतर बाया उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधायच्या, अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसर सोलून काढायच्या, मधली दांडी तेवढी ठेवायच्या आणि देठाला दोरा बांधायच्या. सकाळी त्या दांडीच्या टोकावर नराचा पराग. प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. आईचा हिरवा. तिच्या हिरव्या दोऱ्याच्या फुलात राहून गेलेला पुंकेसर कधीच सापडला नव्हता. नवीन बायांना सुपरवायझर तिची ओळ दाखवायचा.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत आईच्या ओळीत गेले. तिचं सांगणं एकच, "सोललं की फूल उन्हाकडं धरून एकडाव फिरवून बघ. मंगच दोरा बांध."

पण मला बोलायचं होतं. नुकतंच शिकले होते ना सगळं. हात चालू, तोंडही चालू. "तुम्ही करता त्याला विपुंसन म्हणतात," मी बायांना सांगत होते. "परागकणात निम्मीच गुणसूत्रं असतात…"

शेजारच्या ओळीतली म्हातारी कंबर धरून उभी राहिली. "म्हंजे घरचा नवरा हाकलायचा अन् भायेरचा आणायचा, हेच शिकवतेत का गं कालेजात?"

सगळा प्लॉट हसला. मीही हसले, आणि अजून जोरात सांगायला लागले. फुलं फिरवून बघायची मात्र राहिली. पुढच्या पाच-पन्नास कळ्या सोलून मी न बघताच हिरवे दोरे बांधत गेले. ओळ एकच, दोरा एकच; आईच्या कळ्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, ते तिलाही ओळखता आलं नसतं.

सकाळी सुपरवायझर भिंग घेऊन आला. एक फूल तोडलं, दुसरं तोडलं. बुडाशी पुंकेसर तसेच होते.

"हिरवा दोरा कोणाचा?"

"माझा," आई म्हणाली.

"मावशी, डोळे तपासून घ्या. घरचाच पराग लागून राह्यला इथं."

मी दोन ओळी पलीकडे उभी होते. निम्मी गुणसूत्रं मला पाठ होती, पण "मी" हा एक शब्द तोंडातून निघाला नाही. काल हसणाऱ्या बाया खाली बघत होत्या. आईनं एक फूल उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "दिसलं न्हाई बाई मला," ती स्वतःशीच म्हणाली.

त्या दिवसापासून तिला नर फुलं तोडायला लावलं. ते काम कुणालाही येतं. आठवड्यानं मीच तिला जुन्या जालन्यात चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. "वयाच्या मानानं थोडासा नंबर आहे," दुकानदार म्हणाला. तो थोडासा नंबर मी किती वर्षं ढाल करून धरला! पुढच्या हंगामाला ती गेलीच नाही. कुणी बोलवायला आलं की सांगायची, "माझे डोळे गेल्ते तवाच."

यंदा वर्गाला दाखवायला मला विपुंसनाचा व्हिडिओ हवा होता. शेजारच्या शेतातून कळ्या आणल्या आणि आईसमोर ठेवल्या. चष्मा कपाळावर सरकवून तिनं नख लावलं, एकाच फेऱ्यात सोललं, उन्हाकडं धरून फिरवलं.

"बघ, राह्यला का एखादा?"

मी भिंगातून बघितलं. एकही नव्हता. दुसरी कळी, तिसरी. एकही नाही. मग मी फोन खाली ठेवला आणि त्या वर्षीच्या त्या कळ्या मी सोलल्या होत्या, हे सांगितलं.

तिनं हातातलं फूल पुन्हा एकदा उन्हाकडं फिरवलं.

"म्हंजे डोळे बराबर होते माझे."

"हो."

"येवढ्या लेकरांपुढं बोलतीस. तवा येवढं बोलता आलं न्हाई?" मग चष्मा काढून बाजूला ठेवत म्हणाली, "मला सांगून काय उपेग? त्या बायांना सांग."

रविवारी आम्ही प्लॉटवर गेलो. नव्या पोरी होत्या, जुन्या तीन-चारच. तीच म्हातारी आता बांधावर बसून दोरे कापत होती. मी ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. रोज साठ मुलांपुढे बोलणारी मी, पण पहिलं वाक्य दोनदा तुटलं. "त्या वर्षी दोरा आईचा होता. हात माझा होता."

मग म्हातारी म्हणाली, "अगं बाई, आम्ही तर कवाच इसरलो ते."

"मी न्हाई इसरले," आई म्हणाली, आणि म्हातारीसमोरच्या दोऱ्यांच्या ढिगातून हिरवा दोरा शोधायला लागली.