यमुनाबाईंची गोदू

मला यमुनाबाईंचा हेवा वाटे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या सांगण्यातलं किती खरं धरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. तोंडावर मी त्यांना ‘अहो यमुनाबाई’ म्हणे आणि मनातल्या मनात नुसती ‘ती’. इथेही तीच राहू दे.

धारला आमच्या गल्लीत मुक्तद्वार वाचनालय निघालं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. चिटणीस आमच्याच घरचे. दरबारच्या दफ्तरात दिवसभर कारकुनी करायची आणि संध्याकाळी वाचनालयाच्या कपाटावरची धूळ झटकायची, हा त्यांचा क्रम. लोक त्यांना भैयासाहेब म्हणत. त्यांच्याच डोक्यातून निघालं की बुधवारी दुपारी पुरुषांना मज्जाव आणि गल्लीतल्या बायकांसाठी मोठ्यानं वाचन. तीस-पस्तीस बायका जमत. त्यांतल्या दोघींनाच वाचता येई, एक मी आणि एक ती. वाचायला बसवलं तिला. चिटणिसानं स्वतःच्याच बायकोला पुढं केलं तर लोक नावं ठेवतील म्हणे. लोक काय, बसवलं नाही तरी नावं ठेवतातच.

ती मूळची अमझेऱ्याची. आठव्या वर्षी लग्न होऊन धारला आली आणि नवव्या वर्षी विधवा झाली. सासऱ्यांची दृष्टी गेली तेव्हा पोथी वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून त्या म्हाताऱ्यानं पाटीवर चाचपडत हिलाच अक्षरं शिकवली. म्हणजे शिकवणं तिच्यासाठी नव्हतं, पोथीसाठी होतं. सासरे गेल्यावर ती लोकांकडे स्वयंपाकाला जाऊ लागली. तांबडं आलवण, डोईवरून घट्ट पदर, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा. रूप म्हणावं असं काही नाही. पण वाचायला लागली की वाचनालयाचा खंडोजी शिपाईसुद्धा बाहेर पायरीवर विडी विझवून बसे. ‘भिया, हळू बोला, बाई वाचतायत,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला दटावी. माझ्या बोलण्यासाठी कुणी कधी विडी विझवली नाही.

त्या चैत्रात पुण्याहून मागवलेली एक कादंबरी चालू होती. गोदू नावाची मुलगी, नवव्या वर्षी विधवा झालेली. चिटणिसाची बायको म्हणून पुस्तक आधी माझ्याकडे आलं होतं, मी ते एका बैठकीत संपवलं होतं. त्या निमित्तानं ‘मला काय, गोष्ट माहीत आहे’ असं म्हणून मी बुधवारी जायचंच सोडलं. खरं कारण पोटदुखी. बायका तिच्या तोंडाकडे बघत बसत, ते मला बघवत नसे.

मग मला युक्ती सुचली. यांना म्हटलं, वाचनालयात येत्या बुधवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करू या. नव्या बायका येतील, कौतुक होईल. हे खूश. हळदीकुंकू म्हटल्यावर विधवेला पुढं बसता येत नाही, आणि वाचन तर बुधवारी व्हायलाच हवं. मग वाचणार कोण? हे यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मात्र आधीपासून होतं.

ती त्या बुधवारी सकाळीच मागच्या ओसरीवर येऊन कैऱ्या किसायला बसली. डाळ तिच्या हातची, पन्हं तिच्या हातचं. फक्त कुंकू तिला नाही.

झोपाळ्यात गौर बसली होती, बाहेर ऊन रणरणत होतं, बायका नटूनथटून आल्या होत्या. मी हिरवी पैठणी नेसून पाटावर बसले आणि खुणेचं मोरपीस होतं तिथून, नवव्या प्रकरणापासून, खणखणीत आवाजात सुरुवात केली. पानभर झालं नसेल तोच भवानीबाईंनी हात वर केला. भवानीबाई म्हणजे गल्लीतलं वडीलधारं माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

“कुसुम, गोदू कुठाय गं यात?”

“गोदू?” मी म्हटलं. “गोदूनं सातव्यातच विहिरीत जीव दिला की!”

कुणाच्या हातातली डाळीची वाटी तशीच राहिली. मग एकदम गलका उठला.

“गौरीपुढं बसून काय हे अभद्र बोलणं!”

“अगं, मागच्या बुधवारी तर तिनं नालछ्याच्या रस्त्यावर पाणपोई मांडली. मांडूला जाणारे लोक तिथं थांबतात.”

दाराशी बसणारी मालवी तेलीण तर उभीच राहिली. “बेनजी, वा तो जीवती है नी! थांके पढनो नी आवे कांई?”

मला वाचता येत नाही का, असं तेलीण मला विचारत होती. मी पुस्तक उघडून सातवं प्रकरण त्यांच्यापुढं धरलं. पण धरून उपयोग काय? वाचणार कोण त्यातलं? भवानीबाई चोळी-खणाची ओटी आवरत म्हणाल्या, “राहू दे. सणाचा दिवस आहे. यमुना वाचेल पुढच्या बुधवारी नीट.” करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक घेऊन तशीच मागच्या ओसरीवर गेले. तिनं सगळं ऐकलं होतं.

“यमुनाबाई, हे काय छापलंय आणि तुम्ही काय वाचता? फसवताय होय सगळ्यांना?”

ती किसणी धुवत होती. मान वर न करता म्हणाली, “फसवतेय खरी. लिहिणाऱ्याला विहीर जवळ वाटली, वैनी. मीही गेले होते त्या वयात विहिरीवर. घागर भरून परत आले. मग गोदूला तिथं कशी सोडू?”

एखाद्या भल्या बाईचं मन तिथंच विरघळलं असतं. माझं नाही विरघळलं. उलट वाटलं, हेसुद्धा हिलाच सुचावं? त्याच संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. हे चिडले. वाचनालयात छापलं तेच वाचायचं, नाहीतर वाचनालय कशाला, कीर्तन करा म्हणाले. असं ठरलं की पुढच्या बुधवारी मी पुस्तक मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसायचं. तिच्यासाठी दुसरी प्रत शेजारच्या बळवंतरावांकडून आणली. एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी मी सांगायचं, आणि वाचन त्या दिवसापासून माझं. हेच तर मला हवं होतं.

बुधवारी ती आली. माझ्या मांडीवरचं पुस्तक तिनं पाहिलं आणि काय ते समजली. चष्म्याचा दोरा तिनं कानाला दोनदा गुंडाळला, एवढंच. मग तिनं प्रत उघडली आणि वाचायला लागली. माझ्या पुस्तकात गोदूचा दीर वाटणीवरून भांडत होता. तिच्या वाचण्यात गोदूच्या पाणपोईवर एक आजारी म्हातारी आली होती, आणि ती निघाली गोदूची सासू, जिनं तिला घराबाहेर काढलं होतं. म्हातारीनं ओंजळ पुढं केली. गोदूनं तांब्या उचलला. तिथं ती थांबली आणि तिनं पान उलटलं. मीही उलटलं.

“काय गं कुसुम,” भवानीबाईंनी विचारलं, “बरोबर वाचतेय ना ती?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, तिच्याखेरीज. ती पुस्तकातच बघत होती.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “अगदी असंच छापलंय.”

मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे हं. गोदूनं सासूला पाणी दिलं की नाही, ते मला कळायला हवं होतं, आणि माझ्या मांडीवरच्या पुस्तकात ते नव्हतं. यांनाही मी तेच सांगितलं, शब्दाला शब्द जुळतो म्हणून. मग एकामागून एक पुस्तकं आली, आणि सहा वर्षं मी तिच्या शेजारी बसून खोट्या साक्षी देत राहिले. हेवा काही कमी झाला नाही. तिच्यासारखं एखादं वाक्य आपल्याला सुचावं म्हणून घरी आरशापुढं बसून बघितलं, सुचलं नाही. त्या दिवशी स्वयंपाक करपला.

मग मानमोडीची साथ आली. चार दिवसांच्या तापात हे गेले.

पुढच्या चैत्रात वाचनालयात पुन्हा हळदीकुंकू झालं. चाल मीच पाडलेली, ती मोडणार कशी? नव्या चिटणिसांची बायको प्रमोदिनी वाचणार होती. घरी बसवेना म्हणून मी मागच्या दारानं ओसरीवर गेले. ती कैऱ्या किसत होती. मला वाटलं, आता हिच्या तोंडावर काहीतरी दिसेल. मी तिच्या जागी असते तर माझ्या दिसलं असतं. तिनं नुसता पाट सरकवला. सहा वर्षं मला अहो-जाहो करणारी बाई म्हणाली, “अगं ये. या पाच घे किसायला.”

मी किसू लागले. पुढून प्रमोदिनीचं वाचन ऐकू येत होतं, छापलेलं, शब्दाला शब्द. मला रडू येत होतं आणि कुणाचा राग करावा ते कळत नव्हतं.

“यमुनाबाई,” मी म्हटलं, “गोष्ट सांगा ना काहीतरी. गोदूची.”

“माझी सांगून झाली,” ती म्हणाली. “आता तू सांग.”

मी हातातली कैरी किसून संपवली. मग म्हटलं, “गोदू विहिरीवर गेली.”

तिचा हात थांबला. “बरं. मग?”

“मग घागर भरून परत आली,” मी म्हणाले.